ठोक्याच्या घड्याळाचं मशीन बाहेरून मागवावं का?

सदाशिवकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

घरात भिंतीवरचं एक जर्मन घड्याळ आहे. आठ दिवसांची चावी, अर्ध्या तासाला एक ठोका, तासाला तासाइतके. मशीनच्या मागच्या पितळी पाटीवर एकमेकांवर आडवे टाकलेले दोन बाण आणि खाली काही आकडे आहेत. डायलवर मुंबईच्या कुठल्याशा दुकानाचं नाव होतं, ते आता अर्धं उडालंय. गेल्या दिवाळीपासून बंद आहे. लंबक हलवला की थोडा वेळ चालतं आणि थांबतं. ठोक्याच्या बाजूची चावी तर नुसती घसरते.

लक्ष्मी रोडच्या आसपास दोन ठिकाणी दाखवलं. एकाने न उघडताच "मशीन संपलंय, क्वार्ट्झ टाकून देतो, हलता लंबकही बसवून देईन" असं सांगितलं. दुसरा म्हणाला, नवीन जर्मन मशीन मागवा, मी बसवून देतो. नेटवर बघितलं तर मशीनची किंमत ऐकण्यासारखी आणि पाठवणावळ त्याच्या जवळपास. वर कस्टम किती लागेल कोण जाणे.

तर, कोणी असं मशीन मागवलंय का? वैयक्तिक वापरासाठी परवाना लागतो का? अख्खं मशीन मागवण्याऐवजी सुटे भाग मागवले तर ड्यूटी कमी पडते का? भाचा जर्मनीत असतो, त्याने 'गिफ्ट' लिहून पाठवलं तर?

---

मी_तो_नव्हेच

क्वार्ट्झ टाका आणि मोकळे व्हा. ठोके ऐकायला कुणाला वेळ आहे?

---

सदाशिवकर

आईला आहे. ती नव्वदीची आहे आणि रात्री झोप लागत नाही तेव्हा ठोके मोजते. असो.

---

निवृत्त_कस्टमवाला

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथेच सगळे अडकतात. 'गिफ्ट' लिहून पाठवायला सांगू नका. डिसेंबर २०१९ पासून पोस्टाने किंवा कुरियरने भेटवस्तू म्हणून माल ड्यूटीशिवाय सोडवण्यावर बंदी आहे. अपवाद दोनच, जीवरक्षक औषधं आणि राखी. तुमचं घड्याळाचं मशीन दोन्हींत बसत नाही. भाचा येताना सामानातून घेऊन आला तर गोष्ट वेगळी, तिथे प्रवाशाच्या सामानाचे नियम आणि ड्यूटी-फ्री मर्यादा लागते. बिल मात्र जवळ ठेवायला सांगा.

परवाना: स्वतःच्या वापरासाठी एक-दोन नग मागवायला आयईसी (आयात-निर्यातदाराचा कोड नंबर) लागत नाही. कुरियरवाले ओळखपत्राची केवायसी मागतील, ती द्या.

ड्यूटी: बहुतेकांना वाटतं ती मालाच्या किमतीवर लागते. तसं नाही. माल, वाहतूक आणि विमा अशा तिन्हींची बेरीज करून मूल्य धरतात. वीस हजारांचं मशीन आणि सहा हजार भाडं असेल तर ड्यूटीचा हिशेब सव्वीस हजारांपासून सुरू होतो. आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) निघतो तो या मूल्यात कस्टम ड्यूटी मिळवून, म्हणजे करावर कर. त्यामुळे जड मशीन विमानाने मागवणाऱ्याला दोनदा फटका बसतो.

आता सुटे भाग की अख्खं मशीन. व्यापाऱ्यासाठी हा फरक फार मोठा. कस्टम टॅरिफचं ९१ वं प्रकरण घड्याळांचं. जोडून तयार असलेलं मोठ्या घड्याळाचं मशीन ९१०९ मध्ये. तेच मशीन न जोडता संचाच्या रूपात किंवा अर्धवट आलं तर ९११० मध्ये. सुट्या स्प्रिंगा, डायल, पाट्या ९११४ मध्ये. पण तुमच्यासारखा माणूस स्वतःसाठी पार्सल मागवतो तेव्हा ते ९८०४ या वेगळ्याच शीर्षकाखाली येतं. तिथे वैयक्तिक वापराच्या मालाला सरसकट एकच दर. आत मशीन आहे का स्प्रिंग, याने टक्का बदलत नाही. वाचेल ते वजन आणि किंमत कमी झाल्याने वाचेल. दर अर्थसंकल्पात बदलत राहतो, म्हणून मागवायच्या दिवशी कस्टमच्या साइटवर बघून घ्या. जुन्या धाग्यांतले आकडे धरू नका.

---

लंबक

कस्टमवाले काका, एक शंका. मनगटी घड्याळाचं मशीन आणि भिंतीवरच्या घड्याळाचं मशीन यात कस्टम फरक कसा करतं? छोट्या गजराच्या घड्याळात तर जवळपास मनगटीसारखंच मशीन असतं.

---

निवृत्त_कस्टमवाला

पट्टी लावून. खरंच. प्रकरणाच्या टिपेत लिहिलंय: जाडी १२ मिमीपेक्षा जास्त नाही आणि लांबी, रुंदी किंवा व्यास ५० मिमीपेक्षा जास्त नाही, तर ते 'वॉच'चं मशीन, मग ते टेबलावरच्या घड्याळात का बसवलेलं असेना. त्याहून मोठं ते 'क्लॉक'चं. तुमच्या घरच्या प्लॅस्टिकच्या भिंतीवरच्या घड्याळामागचा काळा चौकोनी डबा मोजा. साधारण ५६ मिमी भरेल. म्हणजे तो ९१०९.

अजून गंमत सांगतो. घड्याळाची काच घड्याळाच्या प्रकरणात येत नाही. ती काचेच्या प्रकरणात, ७०१५. साखळी आली तर ती दागिन्यांत. साधे स्क्रू धातूच्या प्रकरणात. एरवी स्प्रिंगसुद्धा 'सर्वसाधारण वापराचा भाग' म्हणून धातूत गेली असती, पण घड्याळाच्या स्प्रिंगेला टिपेत खास उल्लेख करून ९११४ मध्ये ठेवलंय. एका खोक्यात काच, साखळी, स्प्रिंग आणि मशीन आलं की व्यापाऱ्याच्या कागदावर चार वेगळ्या ओळी.

आमच्या काळात घड्याळ म्हटलं की अंगावर काटा यायचा. कस्टम कायदा १९६२, कलम १२३ काढून बघा. माल तस्करीचा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडे माल सापडला त्याच्यावर, आणि हे कलम ज्या वस्तूंना लागू आहे त्यांत सोन्याच्या जोडीला घड्याळांचं नाव आहे. सोनं आणि मनगटी घड्याळं एकाच कप्प्यात लपवून यायची त्या दिवसांची ती आठवण. भिंतीवरच्या घड्याळवाल्यांनी घाबरू नये, ती कुणी पोटाला बांधून आणत नव्हतं.

---

इतिहासाची_खाज

मस्त धागा. मूल्य कमी दाखवल्याच्या संशयावरून घड्याळांच्या व्यापारातली सगळ्यात भारी गोष्ट आठवली.

१८४२. कनेटिकटमधला चॉन्सी जेरोम नावाचा घड्याळ कारखानदार. त्याआधी अमेरिकेत स्वस्त घड्याळांची चाकं लाकडाची असायची. लाकूड समुद्रप्रवासात दमट हवेने फुगायचं, त्यामुळे निर्यात जवळपास अशक्य. जेरोमच्या कारखान्यात पितळेच्या पत्र्यातून ठशाने चाकं कापायला लागले आणि घड्याळ इतकं स्वस्त झालं की त्याने एक खेप थेट इंग्लंडला पाठवली.

इंग्रज कस्टमला बिलावरची किंमत बघून खात्रीच पटली की हा माणूस किंमत पाडून दाखवतोय. तेव्हा तिथे कायदा असा होता की अशा वेळी सरकारने बिलावरची किंमत अधिक दहा टक्के देऊन माल स्वतः ठेवून घ्यायचा. तसा घेतला. जेरोमला काय, रोख पैसे आणि वर दहा टक्के नफा, गिऱ्हाईक शोधायची दगदग नाही! त्याने लगेच दुसरी खेप पाठवली. सरकारने तीही घेतली. तिसऱ्या खेपेला साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि माल गपचूप सोडला.

पुढे जर्मनांनी हीच पद्धत उचलली. ब्लॅक फॉरेस्टमध्ये पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी घड्याळं बनायची. १८६१ मध्ये श्रामबेर्गला युंगहान्स सुरू झाली ती अमेरिकी यंत्रं आणि अमेरिकी पद्धत घेऊनच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती जगातली सगळ्यात मोठी घड्याळ कंपनी होती. आपल्या वाड्यांमधली घड्याळं आली ती या लाटेत.

सुट्या भागांवरून तर स्विसांनी अख्खा कायदाच केला. तयार घड्याळावर बाहेरचे देश जबर ड्यूटी लावायचे आणि सुट्या भागांवर कमी. मग स्विस कारखाने भागांचे संच पाठवायचे आणि जोडणी परदेशात व्हायची. त्याला 'शाब्लोनाज' म्हणतात. धंदा होत होता, पण कामगारांचं काम आणि हातातली विद्या दोन्ही बाहेर चालली होती. म्हणून १९२८ मध्ये कारखानदारांनी आपसांत करार केले, आणि ते पुरेनात म्हणून १९३४ मध्ये सरकारनेच भाग, कच्ची मशीनं आणि घड्याळ बनवायची यंत्रं निर्यात करायला परवाना सक्तीचा केला. १९६० च्या दशकात तो हळूहळू सैल झाला.

---

मी_तो_नव्हेच

म्हणजे सदाशिवकरांनी सरकारला मशीन विकून दहा टक्के कमवावेत. :)

---

रविवार_पेठ_होलसेल

आमचा धंदा क्वार्ट्झचा, त्यामुळे दुसरी बाजू सांगतो. क्वार्ट्झला नावं ठेवणारे खूप भेटतील, पण व्यापार कळायला क्वार्ट्झच बघा.

भिंतीवरचं घड्याळ म्हणजे बहुतेक हवा. फ्रेम, काच, डायल यांनीच खोकं भरतं. कंटेनरचं भाडं जागेवर. म्हणून तयार घड्याळ दूरवर नेणं परवडत नाही, मशीन नेणं परवडतं. एका मध्यम खोक्यात शेकड्यांनी बसतात. फ्रेम मग जिथे विकायची त्याच्या जवळ ओतायची. गुजरातेत मोरबीला हाच खेळ उभा राहिला. १९७१ मध्ये अजंता सुरू झाली, मागोमाग बाकीचे, आणि आज तुमच्या घरात भिंतीवर साधं घड्याळ असेल तर ते मोरबीचं असण्याची शक्यता भरपूर. बाहेरून येणाऱ्या मशीनांत चीनचा माल मुख्य, फुजियान प्रांतातलं चांगचौ हे त्याचं एक मोठं केंद्र.

मशीन स्वस्त का, तर आत काही नाहीच. ३२,७६८ वेळा सेकंदाला थरथरणारा क्वार्ट्झचा तुकडा, एक चिप जी त्या आकड्याला पंधरा वेळा निम्मं करून सेकंदाला एक स्पंदन काढते, तांब्याच्या तारेचं वेटोळं, एक लोहचुंबक आणि प्लॅस्टिकची चाकं. वेटोळं आणि चुंबक मिळून झालेली ती छोटी मोटर मारियस लाव्हे नावाच्या फ्रेंच माणसाची, १९३६ ची. क्वार्ट्झ मनगटी घड्याळ आलं १९६९ मध्ये, पण मोटर आधीपासून तयार होती.

गिऱ्हाइकांसाठी टीप: मशीन बदलताना शाफ्टची (काटे बसतात त्या दांड्याची) उंची बघा. डायल जाड लाकडी असेल तर छोटा शाफ्ट बाहेरच येत नाही. आणि जुने काटे नव्या शाफ्टवर बसत नाहीत, काटे मशीनसोबतच घ्या. 'हलता लंबक' हा निव्वळ दिखावा, त्याचं वेगळं वेटोळं असतं आणि वेळेशी काडीचा संबंध नाही. तो काढून घेतला तरी घड्याळ तेवढंच बरोबर चालेल.

हो, प्लगवर चालणारी इलेक्ट्रॉनिक घड्याळं आणायची तर बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी लागते. सेलवाल्यांना ती अट नाही.

---

टर्नर_भोसरी

@सदाशिवकर, मशीन मागवायच्या गप्पा नंतर. आधी सांगा, ठोक्याच्या बाजूची चावी फिरवताना ती उलटी जोरात फिरते की नुसती मोकळी फिरत राहते? आणि आधी एकदा 'धाड' आवाज आला होता का?

---

सदाशिवकर

उलटी फिरत नाही. थोडं ताणल्यासारखं होतं, मग आतून कचकन घसरते आणि परत मोकळी. धाड आवाज नाही आला.

---

टर्नर_भोसरी

मग तुमचा खटका (चावी उलटी फिरू न देणारा अडसर) शाबूत आहे. खटका गेला असता तर किल्लीने बोटं सोलली असती. स्प्रिंगेचं बाहेरचं टोक डब्याच्या आतल्या हुकावर अडकतं, तिथलं भोक फाटलं असणार. ताण आला की टोक सुटतं आणि आत घसरतं. याला मशीन बदलत नाहीत हो! टोकाचा इंचभर भाग तापवून मऊ करायचा, नवीन भोक पाडायचं, घासून गोल करायचं. थोडी लांबी कमी होते, त्याने आठ दिवसांचे सात होणार नाहीत.

आणि चाल बंद पडते त्याचं कारण बहुधा पाट्यांमधली झिजलेली भोकं. पितळी पाटीत पोलादी टोकं वर्षानुवर्षं फिरून भोक लांबट होतं. मग चाक एका बाजूला कलतं आणि दाते एकमेकांत रुततात. भिंग घेऊन बघा, भोकाच्या एका कडेला काळपट तेल साचलेलं दिसेल आणि चाक बोटाने हलवलं तर टोक तिकडे सरकताना दिसेल. तिथे भोक रीमरने मोठं करून पितळेचा बुश (छोटी नळी) दाबून बसवायचा. बुश लेथवर तासभराचं काम. पुण्यात लेथची काय कमी आहे?

चाक मात्र इथे कापून घ्यायला जाऊ नका. एमआयडीसीत गिअर कापणारे पैशाला पासरी आहेत, पण त्यांच्या कटरचे दाते इन्व्होल्यूट, आणि घड्याळाच्या चाकांचे सायक्लॉइडल वळणाचे. एका चाकासाठी कटर बनवायला कोणी हात लावत नाही. एखादा दाता तुटला असेल तर तिथे खाच करून पितळेचा तुकडा झाळायचा आणि कानशीने दाता घडवायचा. सगळं चाकच गेलं असेल तर बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात जाऊन त्याच मार्क्याचं मेलेलं घड्याळ शोधा.

---

श्वार्त्सवाल्डकर

मी नोकरीसाठी ब्लॅक फॉरेस्टमध्ये राहतो, फुर्टवांगेनचं घड्याळ संग्रहालय इथून जवळ आहे, त्यामुळे राहवलं नाही.

आडवे दोन बाण म्हणजे श्रामबेर्गची हाम्बुर्ग-अमेरिकन घड्याळ कंपनी. युंगहान्सच्याच गावातली प्रतिस्पर्धी, पुढे युंगहान्समध्येच विलीन झाली. म्हणजे तुमचं मशीन बहुधा दुसऱ्या महायुद्धाच्या बरंच आधीचं. त्या कंपनीचे नवे भाग आज कारखान्यातून मिळणं शक्य नाही, कारण कारखानाच नाही.

नवीन जर्मन मशीन म्हणजे बहुधा गोसहाइमच्या हेर्मलेचं, १९२२ ची कंपनी. मशीन चांगलं असतं, प्रश्न तुमच्या डायलचा आहे. चावीच्या दोन भोकांमधलं अंतर जुळायला हवं, काट्यांचा दांडा डायलच्या जाडीला पुरायला हवा, लंबकाची लांबी केसमध्ये मावायला हवी. हातोडी तुमच्या जुन्या गाँगवर (ठोका वाजतो त्या तारेवर) पडायला हवी ती वेगळीच. एकही जुळलं नाही तर जुन्या डायलला नवीन भोकं. मग उरलं काय?

पाटीवरच्या आकड्यांत लंबकाची लांबी आणि त्याचे मिनिटाचे ठोके (टिक-टॉक) असू शकतात. ठोके कळले तर लंबक हरवला तरी करून घेता येतो. मिनिटाला ६० ठोक्यांना प्रभावी लांबी ९९.४ सेंमी, १०० ठोक्यांना साधारण ३६ सेंमी. टांगण्याच्या जागेपासून वजनाच्या मध्याच्या आसपासपर्यंत मोजायचं.

इथून मागवण्यासारखी वस्तू एकच, सस्पेन्शन स्प्रिंग. लंबक ज्या पातळ पट्टीवर टांगतात ती. पाकिटात जाते, वजन नगण्य. मुरडलेली असेल तर घड्याळ लंगडं चालतं, 'टिक... टॉक.टिक... टॉक' असं.

---

इन्व्हॉइस_नाना

स्वित्झर्लंड आणि आपला करार झालाय ना, मग युरोपातून आता ड्यूटी कमी नाही का लागणार?

---

निवृत्त_कस्टमवाला

तो करार एफ्टा गटाशी. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिश्टेनश्टाइन. सही मार्च २०२४ ची, अंमल १ ऑक्टोबर २०२५ पासून. स्विस घड्याळांवरची ड्यूटी त्यात टप्प्याटप्प्याने उतरते. जर्मनी एफ्टात नाही, त्यामुळे जर्मन मशीन झुरिकच्या दुकानातून मागवलं तरी ते जर्मनच राहतं. सवलत माल कुठे बनला त्यावर, कुठून निघाला त्यावर नाही, आणि त्याचा मूळदेशाचा पुरावा लागतो.

---

टेक्सासची_सून

उलटा प्रश्न विचारते. सासऱ्यांचं असंच जुनं घड्याळ नारायण पेठेतून इकडे आणायचं आहे. काही अडचण?

---

निवृत्त_कस्टमवाला

असू शकते. १९७२ चा पुरावशेष कायदा बघा. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी, ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. कारखान्यात हजारोंनी बनलेलं घड्याळ पुरावशेष ठरेलच असं नाही, पण ते तुम्ही विमानतळावर वाद घालून ठरवायचं नसतं. आधी पुरातत्त्व खात्याकडून 'पुरावशेष नाही' असं प्रमाणपत्र घ्या. फोटो, मापं, मार्का द्यावा लागतो. आणि नेताना दोन्ही स्प्रिंगांचा ताण उतरवून न्या, लंबक काढून वेगळा बांधा.

---

लंबक

ताण उतरवण्याबद्दल कळकळीने: खटका उचलून सरळ सोडून देऊ नका. किल्ली घट्ट धरून, खटका जरा उचलून, अर्धा अर्धा फेरा हातात सोडत यायचं. आणि टर्नर साहेब म्हणतात ती स्प्रिंग डब्यातून हाताने ओढून काढू नका. वाइंडर (स्प्रिंग गुंडाळायचं अवजार) असलेल्या माणसाकडेच द्या. हाताने काढली तर ती शंकूसारखी वाकडी होते आणि पुढे डब्याच्या झाकणाला घासत राहते.

---

सदाशिवकर

सर्वांचे आभार. अपडेट.

कसबा पेठेतल्या एका वयस्कर घड्याळजींकडे नेलं, नाव इथे टाकत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. समोर उघडलं. टर्नर म्हणाले तसंच निघालं: ठोक्याच्या स्प्रिंगेचं भोक फाटून कडेपर्यंत गेलेलं. चालीच्या बाजूला वरच्या तीन भोकांत काळं तेल आणि चाक बोटाने डुलत होतं. ते बुश मारणार आहेत आणि स्प्रिंगेला नवीन भोक पाडणार आहेत.

केस बघून ते म्हणाले, ही जर्मन नाहीच. मागची फळी सागवानी आणि सांधे इथल्या सुताराचे. म्हणजे रविवार पेठवाले म्हणतात तो हवा न वाहण्याचा हिशेब तेव्हाही होता तर!

सस्पेन्शन स्प्रिंग खरंच मुरडलेली आहे. जुनी मोजून माप भाच्याला पाठवलं, तो गणपतीला येताना दोन घेऊन येईल. बिलासकट.

एकच राहिलं. हातोडीच्या डोक्यावरचं चामडं दगडासारखं कडक झालंय, ठोका तव्यावर उलथणं आपटल्यासारखा येतो. ते कुठे मिळेल?

---

टर्नर_भोसरी

चपलांच्या दुकानातून मऊ चामड्याचा कपटा आणा, फुकट देतील. सिंथेटिक नको. जुन्याइतकीच जाडी ठेवा, नाहीतर हातोडी गाँगवर टेकून राहील आणि आवाज दाबला जाईल.

---

मी_तो_नव्हेच

व्यनि केलाय. आमच्याकडेही एक बंद पडलेलं आहे.